एका बँक खात्यातून शिकायचे पॅराडाइम : ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’च्या आधारे एक परीक्षण

प्रस्तावना

भारतातील अनेक विद्यापीठांच्या संगणक अभ्यासक्रमांत ‘प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रामिंग लँग्वेजेस’ किंवा ‘प्रोग्रामिंग पॅराडाइम्स’ अशा नावाचा एक विषय असतो. त्याचा आराखडा ओळखीचा आहे. आधी इम्परेटिव्ह, मग ऑब्जेक्ट ओरिएंटेड आणि शेवटच्या युनिटमध्ये फंक्शनल व लॉजिक. प्रत्येकासाठी एक व्याख्या, चार-पाच वैशिष्ट्ये, एक-दोन भाषांची नावे आणि एक छोटा प्रोग्रॅम. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, दोन रकान्यांचा तक्ता काढला की गुण मिळतात.

या मांडणीतून विद्यार्थ्याला काय मिळते, हा या टिपणाचा विषय आहे. त्यासाठी आपण एका जुन्या आणि गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करणार आहोत. हॅरल्ड एबलसन आणि जेराल्ड सस्मन यांनी ज्युली सस्मन यांच्या सहकार्याने लिहिलेल्या ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’ या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये आणि दुसरी १९९६ मध्ये एमआयटी प्रेसने प्रकाशित केली. एमआयटीच्या पहिल्या प्रोग्रामिंग अभ्यासक्रमासाठी ते लिहिले गेले. त्यातील प्रोग्रॅम लिस्प कुळातील स्कीम या भाषेत आहेत. २०२२ मध्ये त्याची जावास्क्रिप्टवर आधारलेली आवृत्तीही निघाली.

पुस्तक मोठे आहे आणि त्याची पाच प्रकरणे आहेत. आपण मुख्यतः तिसऱ्या प्रकरणाकडे पाहू. पॅराडाइम कसे शिकवावेत याचा इतका नेटका धडा दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि आपल्या अभ्यासक्रमात नेमके काय हरवते तेही त्यातून दिसते.

पॅराडाइम म्हणजे काय

हा शब्द प्रोग्रामिंगच्या चर्चेत रुजवण्यात रॉबर्ट फ्लॉइड यांच्या १९७८ च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानाचा मोठा वाटा आहे. फ्लॉइड यांनी तो थॉमस कून यांच्या विज्ञानाच्या इतिहासावरील लेखनातून घेतला. त्यांच्या मते पॅराडाइम म्हणजे प्रश्नाला हात घालण्याची एक पद्धत. भाषा ही पद्धत वापरणे सोपे किंवा अवघड करते, पण भाषा म्हणजे पद्धत नव्हे. स्वतःचा सरावही त्यांनी सांगितला आहे : एखादा अवघड प्रश्न सुटला की तो पुन्हा पहिल्यापासून सोडवायचा, आणि या खेपेला पहिल्या उत्तरातील फक्त मर्म सोबत घ्यायचे.

आपल्या नोट्समध्ये हा अर्थ उलटा होतो. ‘फंक्शनल पॅराडाइम : लिस्प, हॅस्केल’, ‘लॉजिक पॅराडाइम : प्रोलॉग’ अशी जोडी लावली की पॅराडाइम म्हणजे भाषांचे कप्पे असा समज होतो. मग पायथन कोणत्या कप्प्यात टाकायचा, असा प्रश्न पडतो. त्याला ‘मल्टी-पॅराडाइम’ म्हणायचे आणि पुढे जायचे. हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यातून काही कळतही नाही.

पॅराडाइमकडे पाहण्याची अधिक उपयोगी रीत अशी : प्रत्येक पॅराडाइम म्हणजे प्रोग्रॅमरने स्वतःवर घातलेला एक निर्बंध. अमुक एक गोष्ट मी वापरणार नाही, किंवा अमुक ठिकाणीच वापरेन. त्या निर्बंधाच्या बदल्यात काही खात्री मिळते आणि काही गैरसोय सोसावी लागते. निर्बंध, खात्री आणि गैरसोय या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच पॅराडाइम समजला असे म्हणता येते. तिसऱ्या प्रकरणात त्या तिन्ही दिसतात.

दोनशे पाने असाइनमेंटशिवाय

या पुस्तकाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याने काय उशिरा आणले आहे. सी शिकताना आपण पहिल्याच आठवड्यात व्हेरिएबलमध्ये मूल्य टाकतो आणि दुसऱ्या आठवड्यात ते बदलतो. एबलसन आणि सस्मन मूल्य बदलण्याची ही सोय (असाइनमेंट) तिसऱ्या प्रकरणापर्यंत देत नाहीत. त्याआधीच्या दोनशेहून अधिक पानांत वर्गमूळ काढणे, अपूर्णांकांचे गणित, चिन्हांकित डेरिव्हेटिव्ह, हफमन ट्री अशी बरीच कामे होतात, आणि एकदाही कोणत्याही नावाचे मूल्य बदलत नाही.

विद्यार्थ्यावर याचा परिणाम मोठा आहे. मूल्य बदलणे म्हणजेच प्रोग्रामिंग, ही समजूत मुळातच तयार होत नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात ती सोय येते तेव्हा ती नवीन, प्रभावी आणि थोडी धोकादायक वस्तू म्हणून येते. आपल्या वर्गात इम्परेटिव्ह पद्धत ‘पॅराडाइम’ म्हणून कधी दिसतच नाही. ती पायाखालच्या जमिनीसारखी असते. बाकीचे पॅराडाइम मग त्या जमिनीवरच्या विचित्र इमारती वाटतात.

खाते उघडले

तिसरे प्रकरण एका बँक खात्याने सुरू होते. खात्यात १०० आहेत. २५ काढले, उत्तर आले ७५. पुन्हा २५ काढले, उत्तर आले ५०. मग ६० मागितले, तर पुरेशी शिल्लक नाही असे उत्तर. मग १५ काढले, शिल्लक ३५. आपल्या सोयीसाठी हा प्रोग्रॅम मराठीत असा मांडता येईल :

शिल्लक ← १००
काढ(रक्कम) :
  जर शिल्लक ≥ रक्कम, तर
    शिल्लक ← शिल्लक − रक्कम
    उत्तर : शिल्लक
  नाहीतर
    उत्तर : ‘पुरेशी शिल्लक नाही’

सी येणाऱ्या विद्यार्थ्याला यात काहीच विशेष वाटणार नाही. पुस्तक मात्र इथे थांबते आणि एक गोष्ट दाखवते. ‘काढ(२५)’ हीच ओळ दोनदा लिहिली आणि दोनदा वेगळे उत्तर आले. गणितातील फंक्शन असे कधी वागत नाही. ९ चे वर्गमूळ सकाळी ३ आणि संध्याकाळी ४ येत नाही. म्हणजे ‘काढ’ हे गणिताच्या अर्थाने फंक्शन राहिलेच नाही. त्याचे उत्तर आता इतिहासावर अवलंबून आहे.

त्यानंतर लेखक या सोयीचे फायदे आणि तोटे दोन स्वतंत्र उपविभागांत मांडतात. फायद्यासाठी त्यांनी निवडलेले उदाहरण रँडम संख्यांचे आहे. यदृच्छेने घेतलेल्या दोन पूर्णांकांना १ खेरीज सामाईक विभाजक नसण्याची संभाव्यता ६/π² असते. त्यावरून प्रयोग करकरून π चा अंदाज काढता येतो. रँडम संख्या देणाऱ्या फंक्शनला मागची संख्या स्वतःजवळ लपवून ठेवता आली, तर ‘प्रयोग हजार वेळा कर आणि प्रमाण सांग’ हा भाग वेगळा लिहिता येतो आणि दुसऱ्या कोणत्याही प्रयोगासाठी वापरता येतो. असाइनमेंट नाकारली, तर मागची संख्या प्रत्येक फंक्शनच्या हातात द्यावी लागते आणि तिच्या हालचालीचा तपशील सगळ्या प्रोग्रॅमभर सांडतो. लपवलेल्या स्थितीमुळे प्रोग्रॅमचे सुटे भाग करता येतात. हा फायदा खरा आहे आणि पुस्तक तो हातचे राखून सांगत नाही.

तोट्यांपैकी दोन इथे पुरेसे आहेत. पहिला, क्रम महत्त्वाचा होतो. लूपने फॅक्टोरियल काढताना ‘गुणाकार ← गणक × गुणाकार’ आणि ‘गणक ← गणक + १’ या दोन ओळींची अदलाबदल करून पाहा. ३ चे फॅक्टोरियल ६ ऐवजी २४ येईल. असाइनमेंट नसलेल्या रूपात ही चूक करण्याची जागाच नसते.

दुसरा तोटा जास्त खोल आहे. पीटरचे १०० चे खाते आणि पॉलचे १०० चे खाते ‘सारखे’ आहे का? मूल्ये बदलतच नसतील तर हा प्रश्न निरर्थक आहे, १०० म्हणजे १००. पण मूल्ये बदलत असतील, तर ती दोन वेगळी खाती आहेत की एकाच खात्याची दोन नावे आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. पॉलने काढलेले पैसे पीटरच्या शिलकीतून गेले की नाही, हे पीटरचा कोड वाचून सांगता येत नाही. जावामध्ये दोन रेफरन्स एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात तेव्हा होणारा गोंधळ हाच. आपल्याकडे तो भाषेची एक खोच म्हणून शिकवला जातो. पुस्तक त्याचे मूळ दाखवते : बदल आला की ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांत फरक करावा लागतो.

क्लासशिवाय ऑब्जेक्ट

याच भागात खात्याचे रूप थोडे बदलते. शिल्लक आतमध्ये बंद होते आणि बाहेरून ‘काढ’ किंवा ‘भर’ असा संदेश पाठवावा लागतो. हे ऑब्जेक्टच आहे, पण क्लास हा शब्द कुठेच नाही. नुसत्या फंक्शनने आपल्या आत एक बदलणारे मूल्य धरून ठेवले आहे आणि ते फक्त संदेशाला उत्तर देते.

आपल्या उत्तरपत्रिकेत ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हटले की एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम आणि ॲब्स्ट्रॅक्शन या चार खांबांची यादी येते. ती पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हे मोजक्या ओळींचे खाते जरूर दाखवावे. बदलणारी स्थिती प्रोग्रॅमभर पसरू न देता लहान लहान खोल्यांत कोंडणे आणि प्रत्येक खोलीला एकच दार ठेवणे, हा निर्बंध त्यात उघडा दिसतो. क्लास ही तो निर्बंध पाळण्यासाठी काही भाषांनी दिलेली एक सोय आहे.

दोघे एकाच वेळी आले तर

पुढे पीटर आणि पॉल यांचे संयुक्त खाते येते. शिल्लक १००. पीटर १० काढतो, पॉल २५ काढतो. शेवटी ६५ उरायला हवेत. पण दोघांनी एकाच क्षणी १०० हा आकडा वाचला, पीटरने ९० लिहिले आणि त्यानंतर पॉलने ७५ लिहिले, तर खात्यात ७५ राहतात. पीटरला पैसे मिळाले, पण खात्यातून गेले नाहीत. लिहिण्याचा क्रम उलटा झाला तर ९० राहतात.

हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना अनोळखी नाही. ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या विषयात ‘रेस कंडिशन’, ‘क्रिटिकल सेक्शन’, म्युटेक्स आणि सेमाफोर शिकवताना हाच प्रसंग येतो. पण तिथे तो प्रोसेसच्या वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून येतो. भाषांच्या विषयात फंक्शनल प्रोग्रामिंगची ‘साइड इफेक्ट नसणे’ ही ओळ वेगळ्या वहीत राहते. दोन्ही वह्या एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. पुस्तकाने त्या एकाच प्रकरणात शेजारी ठेवल्या आहेत. ज्या क्षणी आपण ‘शिल्लक ← शिल्लक − रक्कम’ लिहिले, त्याच क्षणी प्रोग्रॅममध्ये काळ शिरला. दोन काळ शेजारी आले की त्यांचा क्रम लावावा लागणार. म्युटेक्स हा त्या एका बाणाचा हप्ता आहे.

प्रवाह आणि त्यांची मर्यादा

प्रकरणाचा शेवटचा भाग हाच प्रश्न असाइनमेंटशिवाय सोडवू पाहतो. त्यासाठी ‘स्ट्रीम’, म्हणजे गरजेपुरतीच पुढची घटके तयार करणारी यादी, ही कल्पना वापरली आहे. खाते म्हणजे बदलणारी वस्तू, असे न मानता खात्याचा संपूर्ण इतिहास हीच एक वस्तू मानायची. आत काढलेल्या रकमांचा प्रवाह येतो : २५, २५, १५. बाहेर शिलकींचा प्रवाह जातो : १००, ७५, ५०, ३५. कोणतेच मूल्य बदलले नाही, तरी यंत्रासमोर बसलेल्या माणसाला खाते बदलताना दिसते. एकच प्रवाह दिला की उत्तर नेहमी एकच.

साधारण पुस्तक इथे थांबले असते आणि फंक्शनल पद्धत जिंकली असे म्हणाले असते. एबलसन आणि सस्मन थांबत नाहीत. ते पुन्हा संयुक्त खाते समोर ठेवतात. पीटरच्या मागण्यांचा एक प्रवाह आणि पॉलचा दुसरा. खाते एकच, म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र करायला हवेत. कोणत्या क्रमाने? आळीपाळीने घेतले, तर पीटर महिनाभर बँकेत आला नाही की पॉललाही ताटकळावे लागेल. प्रत्यक्षात जो आधी आला त्याची मागणी आधी, असेच करावे लागते. म्हणजे दारातून हाकललेला काळ खिडकीतून परत आला.

माझ्या मते या पुस्तकाची सर्वांत मोठी शैक्षणिक कामगिरी हीच आहे. एकच खाते, एकच प्रश्न आणि प्रत्येक पद्धतीने दिलेले व घेतलेले एकाच मापाने मोजलेले. विद्यार्थ्याला कोणताही पॅराडाइम विकला जात नाही. एका टप्प्यानंतर अडचण जगाच्या स्वभावातच आहे, पद्धत बदलून ती फक्त जागा बदलते, हे त्याला कळते.

चौथ्या प्रकरणातील लॉजिक प्रोग्रामिंगलाही हीच शिस्त आहे. दोन याद्या जोडण्याचा नियम एकदा लिहिला की तो उलटाही चालतो : जोडून अमुक यादी मिळेल अशा सगळ्या जोड्या कोणत्या, हे विचारता येते. हा चमत्कार दाखवल्यावर लेखक लगेच सांगतात की ही भाषा म्हणजे शुद्ध तर्कशास्त्र नव्हे. नियमांचा क्रम बदलला तर उत्तर मिळण्याऐवजी प्रोग्रॅम अनंतकाळ फिरू शकतो, आणि तिथला ‘नाही’ हा तर्कशास्त्रातला ‘नाही’ नसतो, ‘माझ्या माहितीत सापडले नाही’ इतकाच त्याचा अर्थ असतो. आपल्या तक्त्यात ‘प्रोलॉग : काय हवे ते सांगा, कसे ते सांगू नका’ ही ओळ असते. ती कुठपर्यंत खरी, हे तक्ता सांगत नाही.

पुस्तकावरील आक्षेप

आता दुसरी बाजू. या पुस्तकावर जाणकारांनी घेतलेले आक्षेप वजनदार आहेत.

पहिला आक्षेप भाषेचा. फिलिप वॉडलर यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या टीकेत मिरांडासारख्या भाषांची बाजू घेतली. पॅटर्न मॅचिंग, गणिताला जवळची लेखनपद्धती, टाइपची शिस्त आणि लेझी मूल्यमापन या चार गोष्टी स्कीममध्ये नसल्यामुळे प्रोग्रॅमबद्दल तर्क करणे विनाकारण जड होते, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आज अधिकच पटतो. टाइपच्या मदतीने विचार करणे हा फंक्शनल पद्धतीचा आज मोठा भाग आहे आणि या पुस्तकात तो जवळजवळ नाही.

दुसरा आक्षेप शिकवण्याच्या रीतीचा. फेलायसन, फिंडलर, फ्लॅट आणि कृष्णमूर्ती यांनी २००४ च्या निबंधात दोन उणिवा दाखवल्या. उदाहरणे आणि गृहपाठ इतके गणिती व विद्युत अभियांत्रिकीचे आहेत की विद्यार्थी प्रोग्रामिंगऐवजी त्या विषयाशीच झुंजत बसतो. शिवाय प्रोग्रॅमची रचना पायरीपायरीने कशी करावी हे पुस्तक उघडपणे शिकवत नाही, हुशार विद्यार्थ्याने ते हेरावे अशी अपेक्षा ठेवते. कॅल्क्युलस कच्चे असलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पहिल्याच प्रकरणात याचा अनुभव येतो. पुस्तक बंद होते आणि ‘फंक्शनल आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो, जो चुकीचा असतो.

तिसरा आक्षेप थेट आपल्या विषयाच्या नावावर आहे. श्रीराम कृष्णमूर्ती यांनी २००८ मध्ये असे मांडले की भाषांची पॅराडाइमनुसार वर्गवारी ही जीवशास्त्रातील जुन्या वर्गीकरणासारखी आहे आणि आजच्या भाषा त्या कप्प्यांत बसत नाहीत. त्याऐवजी भाषेची वैशिष्ट्ये एकेक करून शिकवावीत. हा आक्षेप आपल्या अभ्यासक्रमाला पूर्णपणे लागू होतो, या पुस्तकाला कमी. पुस्तकाने वर्गवारी केलेलीच नाही. एकाच भाषेत एकेक सोय वाढवत नेऊन परिणाम दाखवला आहे. पीटर व्हॅन रॉय आणि सैफ हरिदी यांनी २००४ च्या ग्रंथात हीच रीत पुढे नेली. लहानशा गाभाभाषेपासून सुरुवात करायची आणि गरज सिद्ध झाली की एक संकल्पना वाढवायची.

एमआयटीनेही २००० च्या दशकाच्या अखेरीस हा अभ्यासक्रम थांबवला आणि त्याच्या जागी पायथन व रोबोट यांवर आधारलेला अभ्यासक्रम आणला. त्यावरून पुस्तक कालबाह्य झाले असे अनेकदा म्हटले जाते. पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक म्हणून ते कदाचित खरे असेल. पॅराडाइमची तुलना कशी करावी याचा नमुना म्हणून मात्र तिसरे प्रकरण जुने झालेले नाही.

आपल्या वर्गासाठी : उलटी वाट

मग हे पुस्तक जसेच्या तसे आणावे का? नाही. पुस्तकाचा क्रम आपल्याकडे चालणार नाही, कारण आपला विद्यार्थी या विषयापर्यंत येतो तेव्हा त्याला सी किंवा पायथन आधीच येते. असाइनमेंट ही गोष्ट दोनशे पाने दूर ठेवणे आता शक्य नाही. काही संस्थांनी सुरुवातच वेगळी केली आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा हॅस्केलवरील अभ्यासक्रम एनपीटीईएलवर सर्वांसाठी खुला आहे. पण बहुसंख्य महाविद्यालयांत पहिली भाषा बदलणे शिक्षकाच्या हाती नसते.

तिथे हे प्रकरण उलट्या वाटेने शिकवता येईल. विद्यार्थ्याला येणाऱ्या भाषेतच बँक खाते लिहू द्यावे. मग त्याच भाषेत एकेक सोय काढून घ्यावी. आधी ग्लोबल शिल्लक काढा : स्थिती बंद खोलीत न्यावी लागेल, ऑब्जेक्ट मिळेल. मग असाइनमेंटच काढा : शिल्लक आत देऊन नवी शिल्लक बाहेर घ्यावी लागेल, फंक्शनल रूप मिळेल. मग दोन ग्राहक एकाच वेळी आणा आणि प्रत्येक रूपाचे काय होते ते पाहा. प्रत्येक टप्प्यावर तीनच प्रश्न : काय सोडले, कशाची खात्री मिळाली, कुठे त्रास झाला. यासाठी नवी भाषा लागत नाही. प्रयोगशाळेचे तीन-चार तास पुरतात.

यावर एक योग्य आक्षेप येईल. भाषेनेच निर्बंध लादला नाही तर विद्यार्थी पळवाट काढतो. पायथनमध्ये ‘मूल्य बदलायचे नाही’ हा नियम स्वतः पाळायचा असतो, हॅस्केलमध्ये कंपायलर तो पाळायला लावतो. आक्षेप खरा आहे, म्हणून एक तरी निर्बंध लादणारी भाषा शिकावीच. पण क्रम महत्त्वाचा. निर्बंध कशासाठी हे आधी कळले नसेल, तर विद्यार्थी हॅस्केलमध्येही मनातला लूपच लिहीत राहतो आणि कंपायलरला शत्रू समजतो.

मराठीतून किंवा अन्य भारतीय भाषांतून शिकणाऱ्यांच्या दृष्टीने याला आणखी एक महत्त्व आहे. ‘रेफरन्शियल ट्रान्स्परन्सी’ ही संज्ञा पाठ करणे अवघड आणि निष्फळ आहे. ‘एकच ओळ दोनदा लिहिली तर उत्तर एकच येईल का?’ हा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतो, आणि ज्याला तो विचारता येतो त्याला संज्ञा नंतर लक्षात राहते. तक्त्याच्या परीक्षेत इंग्रजी संज्ञा जमलेला विद्यार्थी पुढे जातो. खात्याच्या परीक्षेत समजलेला विद्यार्थी पुढे जाईल.

समारोप

या पुस्तकाच्या उणिवा खऱ्या आहेत : टाइपचा अभाव, जड उदाहरणे, रचना शिकवण्यातील अध्याहृत भाग. तरीही पॅराडाइमचा विषय ज्या कारणासाठी अभ्यासक्रमात असायला हवा, ते कारण त्याच्या तिसऱ्या प्रकरणात जिवंत आहे. विद्यार्थ्याने पुढे कोणत्याही भाषेत काम केले, तरी बदलणारी स्थिती कुठे ठेवायची, कोणाला बदलू द्यायची आणि दोघांनी एकदम हात घातला तर काय, हे निर्णय त्याला घ्यावेच लागतील. विषयाचा अभ्यास संपवून बाहेर पडताना हे तीन प्रश्न त्याच्याजवळ नसतील, तर दोन रकान्यांचा तक्ता कितीही सुबक असला तरी तो त्या वेळी उपयोगी पडणार नाही. मूळ पुस्तक एमआयटी प्रेसने इंटरनेटवर मोफत उपलब्ध केले आहे. पूर्ण वाचणे जमले नाही, तरी तिसरे प्रकरण वाचावे.

स्वाध्याय

१. आपल्याला येणाऱ्या भाषेत बँक खाते तीन प्रकारे लिहा : ग्लोबल शिल्लक वापरून, ऑब्जेक्ट वापरून आणि कोणतेही मूल्य न बदलता. प्रत्येकासाठी काय सोडले, काय मिळाले आणि कुठे त्रास झाला ते दोन-दोन वाक्यांत लिहा.

२. १०० शिलकीच्या संयुक्त खात्यातून तीन जण अनुक्रमे १०, २५ आणि ४० काढतात. योग्य उत्तर २५. तिघांचे वाचणे आणि लिहिणे कोणत्याही क्रमाने मिसळू शकते असे धरून शेवटी कोणकोणत्या शिलकी राहू शकतात ते शोधा.

३. ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या आपल्या नोट्समधील क्रिटिकल सेक्शनचे एक उदाहरण घ्या. त्यातील कोणती असाइनमेंट काढून टाकली तर म्युटेक्सची गरज उरणार नाही? ती काढता येत नसेल, तर का?

४. मागच्या सत्रात लिहिलेला एखादा प्रोग्रॅम फ्लॉइड यांच्या सल्ल्याप्रमाणे जुना कोड न पाहता पुन्हा लिहा. दुसऱ्या खेपेस काय गळून पडले आणि काय टिकले, याची नोंद करा.